फाटक्या सुराची गोष्ट

वाद्य बिघडले की ते दुरुस्त करावयाचे, हा सर्व देशांतील वादकांचा रिवाज आहे. सतारीची तार उतरली तर ती चढवावी, तबला उतरला तर हातोडीने ठोकून सुरात आणावा, पेटीचा एखादा सूर अडकला तर पेटी उघडून साफ करावी. वाद्य बिघडलेल्या स्थितीतच वाजवावे आणि तो बिघाडच पुढे साऱ्या जगाने हौसेने विकत घ्यावा, असा प्रकार संगीताच्या इतिहासात क्वचितच घडला असेल. विजेच्या गिटारीच्या बाबतीत मात्र तो घडला. ज्या यंत्रामुळे घडला, ते यंत्र म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा ध्वनिवर्धक, रोजच्या बोलण्यातला अॅम्प्लिफायर.

१९५१ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल गावाहून एक मोटार उत्तरेस मेम्फिस शहराकडे निघाली. मोटारीत आयक टर्नर नावाच्या एकोणीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा वाद्यवृंद दाटीवाटीने बसला होता. मेम्फिसला सॅम फिलिप्स या गृहस्थाने आदल्या वर्षी ध्वनिमुद्रणाचे एक छोटेसे दुकान उघडले होते, तेथे या मंडळींना गाणे मुद्रित करावयाचे होते. वाटेत गिटारवादक विली किझार्ट याच्या अॅम्प्लिफायरला इजा झाली. तो मोटारीच्या टपावरून खाली पडला असे फिलिप्स सांगे. सामानाच्या पेटीत पावसाचे पाणी शिरले असे टर्नर सांगे. कसेही असो, मेम्फिसला पोचल्यावर पाहतात तो स्पीकरचा कागदी कर्णा फाटलेला. दुसरा अॅम्प्लिफायर मिळवण्याची सोय नव्हती. फिलिप्सने त्या कर्ण्यात कागदाचे बोळे कोंबले आणि गिटार वाजवून पाहावयास सांगितले. आवाज घोगरा, करकरीत, काहीसा सॅक्सोफोनसारखा येऊ लागला. दुसऱ्या कोणी कपाळाला आठ्या घातल्या असत्या. फिलिप्सला तो आवडला, आणि मागे दडपण्याऐवजी त्याने तो मुद्रणात पुढे आणला.

ते गाणे म्हणजे ‘रॉकेट ८८’. ते कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि रॉक अँड रोलच्या आरंभीच्या गाण्यांत त्याची गणना होते. तबकडीवर नाव छापले गेले ते गायक जॅकी ब्रेन्स्टन याचे. वाद्यवृंद टर्नरचा असूनही त्याचे नाव तिच्यावर आले नाही. ज्याच्या फुटक्या यंत्रातून हा सूर निघाला, त्या किझार्टला तर अभ्यासकांखेरीज आज फारसे कोणी ओळखत नाही.

हा सूर असा का निघतो, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी हवा काढून घेतलेली एक काचेची नळी तयार केली. तिच्यातून वीज एकाच दिशेने वाहू शके, म्हणून इंग्रजांनी तिला झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, असे नाव दिले. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरा अवयव घातला, तो म्हणजे तारेची जाळी. नळीतील तापलेल्या भागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या पत्र्याकडे धाव घेतात. मध्ये उभी असलेली जाळी त्यांना कमीअधिक अडवते. पाटकऱ्याने पाटाचे दार बोटभर वरखाली केले की शेतात जाणारा लोंढा वाढतो किंवा आटतो, तसाच हा प्रकार. दार हलवण्यास थोडे बळ लागते, वाहते पाणी मात्र पुष्कळ असते. जाळीवर दुबळा विद्युत्संदेश द्यावा आणि पत्र्याकडून तोच संदेश अनेक पटींनी मोठा करून घ्यावा, एवढे या नळीचे काम. ज्या घरांत व्हॉल्व्हचे रेडिओ होते, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस आठवत असेल की बटण फिरवल्यावर आवाज येण्यास अर्धा मिनिट तरी वाट पाहावी लागे. नळी तापेपर्यंतचा तो अवधी होता.

गिटारीला या नळीची गरज का भासली? तिचा आवाज मुळात लहान. १९२०-३० च्या सुमारास अमेरिकेतील नृत्यवृंदांत ट्रम्पेट आणि ढोलांच्या गजरात गिटारवाला हात हलवताना दिसे, पण ऐकू येत नसे. जॉर्ज बोशँप आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये तारांच्या कंपनाचे लोहचुंबकाच्या योगाने विजेत रूपांतर करणारी गिटार सिद्ध केली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची हवाईयन पद्धतीची होती. या पद्धतीची गिटार पुढे हिंदी चित्रपटसंगीतातही रुळली, आणि व्हॅन शिप्ले यांच्यासारख्या वादकांमुळे ‘हवाईयन गिटार’ हे शब्द आपल्याकडच्या रेडिओवर सर्वांच्या परिचयाचे झाले. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन हा तरुण बेनी गुडमनच्या जॅझवृंदात आला आणि विजेची गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने एकेरी स्वरांत बोलू शकते हे त्याने दाखवले. तो १९४२ साली अवघ्या पंचविसाव्या वर्षी वारला.

या सगळ्यांना हवा होता तो स्वच्छ सूर. रेडिओच्या शास्त्रात वाढलेल्या प्रत्येक अभियंत्याचे ब्रीदच होते की आत जाईल तेच बाहेर यावे, फक्त मोठे होऊन. त्या ब्रीदाचा सर्वांत निष्ठावान पाईक म्हणजे कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा लिओ फेंडर. १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले, १९४६ पासून स्वतःच्या नावाने गिटारी व अॅम्प्लिफायर बनवण्यास आरंभ केला. मौज अशी की या माणसाला गिटार वाजवता येत नसे, ती सुरात लावणेही येत नसे. तो वादकांकडे आपली यंत्रे पाठवी आणि त्यांच्या तक्रारी ऐकून घेई. गुराख्यांच्या टोप्या घालून नाचगाणी करणारे वाद्यवृंद हे त्याचे गिऱ्हाईक, आणि त्यांना घंटेसारखा खणखणीत आवाज लागे. म्हणून त्याचा सारा उद्योग एकाच दिशेने चालला होता. आवाज फाटतो आहे काय? मग नळ्या मोठ्या घाला, ट्रान्सफॉर्मर वजनदार करा, स्पीकर वाढवा. १९६३ साली निघालेला त्याचा ‘ट्विन रिव्हर्ब’ हा सुमारे ८५ वॅटचा अॅम्प्लिफायर या तपश्चर्येचे फळ होय. तो इतका स्वच्छ की आवाज फाटण्यापूर्वी बहुतेक खोल्यांतील माणसे उठून जातील.

पण फेंडरच्याच कारखान्यातून १९५८ ते १९६० या काळात बाहेर पडलेला ‘बेसमन’ वेगळ्याच कारणाने अमर झाला. नावाप्रमाणे तो खर्जाच्या गिटारीसाठी होता. दहा इंची चार स्पीकर, शक्ती सुमारे ४० वॅट. खर्ज वाजवणाऱ्यांपेक्षा साध्या गिटारवाल्यांनीच त्याला उचलले. शिकागोचा बडी गाय हा त्यांतला एक. दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांतून पोटासाठी उत्तरेच्या शहरांत आलेले हे कृष्णवर्णीय वादक गजबजलेल्या गुत्त्यांत वाजवीत. तेथे ऐकू जावयाचे तर बटण शेवटपर्यंत फिरवणे भाग होते. तसे फिरवले की आवाज फाटे. आरंभी तो नाइलाज होता. पण फाटलेल्या सुराला माणसाच्या आर्त गळ्याची धार आहे, हे त्यांना अभियंत्यांच्या आधी उमगले.

आता फाटणे म्हणजे काय ते पाहू. पाटाचे दार पूर्ण उघडल्यावर आणखी उघडत नाही, आणि पूर्ण मिटल्यावर आणखी मिटत नाही. गिटारीकडून येणारी लहर या दोन मर्यादांच्या आत असेल तोवर ती जशीच्या तशी मोठी होते. हा स्वच्छ सूर. लहर फार उंच झाली की तिचे शेंडे वर आणि तळ खाली कापले जातात. ट्रान्झिस्टर मर्यादेला पोचला की शेंडा कात्रीने कापल्यासारखा सपाट करतो. नळी तसे करीत नाही. ती मर्यादेजवळ येताच हळूहळू दमते आणि शेंड्याला गोलाई देते. पुष्कळ वादक नळीला अजून सोडीत नाहीत, त्याचे मोठे कारण हे. लहरीचा आकार बदलला की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे नवे उपस्वर जन्मतात. सूर जाड होतो, झणझणतो आणि पुष्कळ वेळ रेंगाळतो.

तानपुऱ्याची जवारी ज्यांनी कान देऊन ऐकली आहे त्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. मिरजेचा कारागीर घोडी घासून तिला सूक्ष्म उतार देतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, आणि मघापर्यंत मुकी वाटणारी तार एकदम बोलू लागते. तार छेडलेल्या जागेमुळे जे उपस्वर उमटू नयेत असे शास्त्र सांगते, तेही या घोडीमुळे ऐकू येतात, हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली एका निबंधात मांडले. षड्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराचे कौतुक आपल्या गवयांना पिढ्यान्‌पिढ्या आहेच. कोरा, निर्मळ सूर नेहमीच गोड असतो असे नाही, ही जाण आपल्याकडेही जुनी आहे.

साम्य मात्र येथवरच. जवारी प्रत्येक तारेवर निराळी चालते. अॅम्प्लिफायरच्या नळीत साऱ्या तारांचे स्वर एकत्र मिसळून शिरतात आणि फाटताना एकमेकांत गुंततात. त्यातून त्यांच्या कंपनसंख्यांच्या वजाबाकीचे व बेरजेचे नवे स्वर निघतात. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे त्याच षड्जाचा खालच्या सप्तकातला षड्ज. म्हणून फाटक्या आवाजात षड्ज-पंचमाची जोडी भव्य वाटते. षड्ज आणि शुद्ध गंधाराचे नैसर्गिक प्रमाण चारास पाच. पण गिटारीचे पडदे समान अंतराच्या सप्तकावर बसवलेले असल्यामुळे तिचा गंधार थोडा चढा असतो. स्वच्छ सुरात तो चढेपणा खपून जातो. फाटक्या सुरात वजाबाकीचा स्वर अर्धस्वराच्या सुमारे दोन-तृतीयांशाने चढा निघतो आणि कानाला टोचतो. रॉक संगीतातले गिटारवादक पूर्ण स्वरमेळ टाकून नुसता षड्ज-पंचम का धरतात, याचे उत्तर त्यांच्या आळसात शोधण्यापेक्षा या गणितात शोधावे.

मेम्फिसनंतरची काही वर्षे हौशी मोडतोडीची होती. १९५८ साली लिंक रे याने ‘रंबल’ या आपल्या रचनेसाठी स्पीकरच्या कर्ण्याला पेन्सिलीने भोके पाडली. या रचनेत शब्द एकही नव्हता, तरी नुसत्या आवाजाच्या दांडगाईमुळे काही नभोवाणी केंद्रांनी ती वर्ज्य केली. १९६४ साली लंडनमध्ये डेव्ह डेव्हिस या किशोराने आपल्या स्वस्त अॅम्प्लिफायरचा कर्णा दाढीच्या पात्याने चिरला. मोडतोडीशिवाय तोच आवाज देणारे यंत्र तोवर लंडनच्याच पश्चिमेस तयार झाले होते.

हॅनवेल उपनगरात जिम मार्शल हा ढोलवादक व ढोलशिक्षक १९६० पासून वाद्यांचे दुकान चालवी. त्याच्याकडे येणाऱ्या गिटारवाल्या पोरांना फेंडरचे अॅम्प्लिफायर हवे असत, पण आयात मालाची किंमत त्यांना झेपत नसे. दुकानातील दुरुस्ती करणारा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन हा कोवळा इलेक्ट्रॉनिक तंत्रज्ञ यांनी फेंडरच्या ‘बेसमन’ची मांडणी जवळजवळ जशीच्या तशी उतरवून १९६२ साली स्वतःचा अॅम्प्लिफायर उभा केला. भाग मात्र इंग्लंडात मिळतील ते घातले. नक्कल करताना झालेले हे बदलच निर्णायक ठरले. ‘बेसमन’मध्ये पहिल्या पायरीवर १२एवाय७ ही नळी होती, तिचा वर्धनांक सुमारे ४४, मार्शलच्या यंत्रात तेथे १२एएक्स७ ची इंग्लिश बहीण बसली, तिचा वर्धनांक १००. साहजिकच पुढच्या नळ्यांवर मोठी लहर आदळू लागली आणि आवाज लवकर फाटू लागला. उघड्या पाठीच्या खोक्याऐवजी बारा इंची चार स्पीकरांचे बंद खोके आले. फेंडरने जो दोष घालवण्यात आयुष्य वेचले, तो त्याच्याच आराखड्याच्या नकलेतून गुण होऊन प्रकटला. चोरी म्हणावी की शिष्यत्व, हा वाद अजून संपलेला नाही. पण मूळ ‘बेसमन’ची मांडणीही नळ्या विकणाऱ्या कंपन्यांच्या छापील पुस्तिकांतील मंडलांना बरीच ऋणी होती, हे येथे सांगितले पाहिजे.

१९६६ च्या वसंतात लंडनच्या डेक्का स्टुडिओत जॉन मेयॉलच्या ब्लूजवृंदाचे मुद्रण झाले. गिटारवर एकवीस वर्षांचा एरिक क्लॅप्टन होता. त्याच्यापुढे मार्शलचा अॅम्प्लिफायर आणि हातात गिब्सन कंपनीची दुहेरी वेटोळ्यांच्या पिकअपची, म्हणजे जोरकस संदेश देणारी गिटार. स्टुडिओची शिस्त अशी की वादकाने आवाज लहान ठेवावा. मोठा करण्याचे काम यंत्रांचे. क्लॅप्टनने साफ नकार दिला. मंचावर ठेवतो तेवढाच आवाज येथे ठेवीन, मायक्रोफोन हवा तर दूर न्या, असा त्याचा हट्ट होता. मुद्रण करणारा गस डजन याला आपला हा अपमान वाटला असेल तर नवल नाही. शेजारच्या मायक्रोफोनांत गिटार घुसत होती आणि नियमाप्रमाणे हे मुद्रण नासलेले होते. निर्माता माइक व्हर्नन याने वादकाची बाजू राखली. जुलैमध्ये तबकडी बाहेर पडली आणि मार्शलच्या यंत्राचा तो भरदार, लांबणारा सूर गिटारीचा आदर्श होऊन बसला. क्लॅप्टनचा हट्ट लहरी नव्हता. त्या यंत्राला आवाजाचे जे बटण होते तेच फाटण्याचेही बटण होते. आवाज लहान ठेवला असता तर तो सूर निघालाच नसता.

स्वच्छ आणि फाटका यांच्यामधली जागा शोधणे ही या यंत्रावरची खरी कारागिरी. जाणते वादक गिटारीवरचे आवाजाचे बटण पूर्ण ठेवून अॅम्प्लिफायरचे बटण इतकेच चढवतात की तारेवर जोराचा आघात झाला तर सूर फाटावा आणि हलक्या बोटांनी छेडली तर तो स्वच्छ राहावा. मग पायाने कळ दाबण्याची गरज उरत नाही. बोटेच ते काम करतात, आणि गिटारीवरचे बटण थोडे मागे घेतले की फाटका सूर पुन्हा निवळतो. तीव्र, मध्य आणि मंद्र स्वरांची तीन बटणे बहुतेक जुन्या यंत्रांत एकमेकांत गुंतलेली असतात. एक फिरवले की दुसऱ्याचा परिणाम बदलतो, आणि तिन्ही मध्यावर ठेवली म्हणजे सूर समतोल झाला असेही नव्हे, कारण फेंडरच्या या मांडणीत मधले स्वर मुळातच दबतात. स्वच्छ सुरासाठी तो दबलेपणा शोभतो, चमक वाढते. फाटक्या सुरात मात्र मधले स्वर वाढवावे आणि मंद्र कमी करावे लागतात. नाहीतर खर्जाच्या मोठ्या लहरी नळीची सारी ताकद खाऊन टाकतात आणि नुसता चिखल ऐकू येतो. नवशिका एकट्याने घरात बसून सूर लावतो तेव्हा त्याला भरपूर खर्ज गोड लागतो, आणि वाद्यवृंदात गेल्यावर आपण ऐकू का येत नाही याचे त्याला कोडे पडते.

मोठ्या आवाजाची किंमतही चुकवावी लागली. १९६५ च्या सुमारास पीट टाउनशेंडच्या मागणीवरून मार्शलने १०० वॅटचे यंत्र बनवले आणि मंचावर स्पीकरांच्या भिंती उभ्या राहिल्या. पुढे टाउनशेंडचे कान बिघडले. स्वतः त्याने त्याचा मोठा दोष स्टुडिओतील कानांवरच्या स्पीकरांना दिला असला, तरी त्या भिंतींपुढे वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्यांपैकी अनेकांना उतारवयात तीच तक्रार होती. १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ याने फेंडरच्या छोट्या अॅम्प्लिफायरमध्ये वर्धनाच्या जादा पायऱ्या घातल्या आणि शेवटच्या आवाजासाठी निराळे बटण दिले. पहिल्या बटणाने आतल्या आत सूर हवा तितका फाडावा, दुसऱ्याने बाहेर हवा तेवढाच आवाज सोडावा. कार्लोस सांतानाचा लांबलचक, वितळलेल्या लाखेसारखा सूर या यंत्रांतून आला. शेजाऱ्यांची झोप मोडल्याशिवाय फाटका सूर मिळू लागला, जरी शेवटच्या मोठ्या नळ्या आणि स्पीकर पूर्ण ताणले असता येणारा भरदारपणा त्यात थोडा उणाच राहतो.

अमेरिकेतील व पश्चिम युरोपातील नळ्यांचे मोठे कारखाने पुढच्या काळात एकामागून एक बंद पडले. लष्करी व औद्योगिक गरजेपायी रशियात, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये जी विद्या टिकून राहिली होती, तिच्याच जोरावर आज बहुतेक गिटारवादकांच्या नळ्या बनतात. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा रशियन नळ्या मिळेनाशा होतील या भीतीने त्यांचे भाव चढले. फेंडर १९६५ साली कंपनी विकून बाजूला झाला आणि १९९१ साली वारला. त्याच्या नावाच्या कंपनीने १९९० पासून जुन्या ‘बेसमन’ची प्रतिकृती पुन्हा विक्रीस आणली. खर्ज वाजवणारे ती क्वचितच घेतात. तिच्या बटणांवर जुन्यासारखेच बारापर्यंत आकडे आहेत, आणि घेणारे बहुतेक जण ते बटण पाच-सहाच्या पुढेच फिरवतात.